मोटार आणि सांगावा

मार्गशीर्ष लागला की आमच्या शेजारच्या वकिलांची गाडी सकाळी लवकर चालू होत नाही. मी देवाला फुलं काढायला अंगणात येते तेव्हा ते आत बसून सेल्फ मारत असतात. गाडी घरघरते, खोकल्यासारखा एक आवाज काढते आणि गप्प होते. पुन्हा घरघर. जास्वंदीची फांदी हातात धरून मी नुसती उभी राहते. धुकं अजून उठलेलं नसतं. कुठल्याशा गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा धूर नाकाला लागतो, आणि त्यात पेट्रोलचा वास मिसळला की समोरचं अंगण मला दिसेनासं होतं. सून आतून म्हणते, आई, घरात या, गारठा आहे. मी जात नाही.

महाराजांच्या कारकिर्दीतली ती अखेरची वर्षं. कोल्हापुरात मोटारी मोजक्याच होत्या. बहुतेक राजवाड्याच्या, दोन-चार जहागीरदारांच्या आणि एक आमची. ‘आमची’ म्हणायला तेव्हा माझी जीभ वळत नसे. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. माझे यजमान डॉक्टर, मुरगूडकडच्या शेतकरी घरातले, बोर्डिंगात राहून शिकलेले. माझं पहिलं लग्न, त्यांचं दुसरं. पहिली बायको बाळंतपणात माहेरी गेली आणि तिथंच वारली, एवढंच मला आधी सांगितलं होतं. तिचं नाव घरात कुणी घेत नसे. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. तिचा विषय निघाला तर आत्ती नुसतं ‘ती पोर’ म्हणायच्या आणि काहीतरी काम काढून उठायच्या.

मोटार एका इनामदारांची वापरलेली होती. गर्द हिरवी, पितळेचे मोठे दिवे, वरचं टप मागं दुमडणारं. पूर्वी घोडा बांधायचे त्या पागेत ती उभी असे आणि गव्हाणीत पेट्रोलचे डबे. चालवायला दस्तगीरमामा. ते आधी डॉक्टरांचा टांगा हाकायचे. घोडा विकला, मोटार आली आणि मामा मोटार शिकले. पण ब्रेक दाबताना त्यांच्या तोंडून ‘हो, हो’ निघायचंच, आणि उतरल्यावर बॉनेटवर एक थाप पडायचीच.

दुपारी त्या मोटारीची काही तक्रार नसे. पुढं हँडल घालून एक फेरा मारला की चालू. पण कार्तिक सरला, रंकाळ्यावरून गार वारं यायला लागलं, आणि सकाळी ती काही केल्या दाद देईना. मामा हँडल मारून मारून घामाघूम व्हायचे. आत्ती बंबातलं कढत पाणी रेडिएटरात ओतायला द्यायच्या. रात्री इंजिनावर घोंगडं टाकलं जायचं. कुणीतरी सांगितलं म्हणून आत्तींनी लिंबू-मिरची बांधली, ती डॉक्टरांनी तशीच राहू दिली. कधीकधी मामा हवा ओढायच्या तोंडावर फडकं धरायचे, तेव्हा ती चालू व्हायची, पण दर वेळी नाही.

मग तालमीतली पोरं यायची. घराला लागून तालीम होती. पहाटेचे जोर काढून, अंगाला लाल माती लागलेले पैलवान बाहेर पडायचे ते थेट आमच्या पागेत. त्यांचे मुरगळलेले हात आणि निखळलेले खांदे डॉक्टर बसवून देत, त्याची ही परतफेड. सगळे मिळून मोटार उतारावर ढकलायचे. त्यांच्या अंगातून वाफ निघायची. खाली वळणाजवळ मोटार एकदाची फटफटली की ते ओरडत परत यायचे आणि आत्ती त्यांना दुधाचे पेले द्यायच्या. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. मला ते सारं जत्रेसारखं वाटायचं. डॉक्टरांचा चेहरा मात्र त्या वेळी असा असे की मी बघणं थांबवायचे. दवाखान्यात जायला अर्धा तास उशीर झाला म्हणून कुणाचा चेहरा असा होत नाही, हे मला कळत होतं. पुढचं कळत नव्हतं.

मला सातवा लागत होता. माहेरी पन्हाळ्याला जायचं, ते पौष लागायच्या आत, असं आत्तींनी ठरवलं होतं. वडील, आमचे आबा, तिथं मामलेदार कचेरीत कारकून होते. डॉक्टर रोज म्हणायचे, मोटार नीट होऊ दे, मग धाडू. आत्ती म्हणाल्या, छकड्यातून जाऊ दे, आम्ही काय मोटारीतनं गेलतो? त्यावर ते जेवणावरून उठले. आवाज चढवला नाही, नुसते उठले.

त्यानंतर त्यांनी मोटारीचा पिच्छाच पुरवला. रोग्याला विचारतात तसं मामांना विचारलं. त्रास कधी होतो? सकाळी. पाऊस पडून गेल्यावर वाढतो का? न्हाई. तापल्यावर? मग कायच न्हाई, डाक्टरसाब, मग लोण्यागत चालतीया. पहिला संशय पेट्रोलवर आला. डबे मुंबईहून यायचे, वाटेत कुठं काय मिसळलं सांगता येत नसे. माझ्या जुन्या मलमलीच्या पातळाचा तुकडा आत्तींकरवी मागून घेतला आणि त्यातून सारं पेट्रोल गाळलं. तळाला पाण्याचे थेंब सापडले, मण्यांसारखे. सगळ्यांना वाटलं, सापडलं एकदाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पैलवानांना पुन्हा बोलवावं लागलं.

मग ठिणगी. त्या दिवशी आत्ती अंबाबाईला गेल्या होत्या. डॉक्टरांनी पागेचं दार लोटून अंधार केला. प्लग काढून इंजिनाच्या लोखंडावर आडवा ठेवला. मामा हँडलपाशी, डॉक्टर पलीकडून कोरड्या फडक्यात तार धरून. त्यांना तिथून प्लगचं टोक दिसेना. त्यांनी दाराकडं बघितलं. दारात मी होते, हातात ताकाचा तांब्या. म्हणाले, जरा इकडं येऊन बघ. मी पदर सावरून वाकले. मामांनी फेरा मारला.

“दिसली?”

“दिसली.”

“तांबडी का निळी?”

“निळी.”

लग्न झाल्यापासून दिवसाउजेडी आम्ही एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द. आजच्या पोरींना हे सांगितलं तर हसतात. पण तेव्हा घरात वडीलधारं माणूस असताना नवराबायको बोलत नसत, आणि घरात वडीलधारं माणूस नाही असा वेळ नसे. त्या अंधारात लोखंडाला चिकटून पडणारी ती एवढीशी ठिणगी मी कितीतरी वेळ बघत राहिले. डॉक्टर म्हणाले, चांगली आहे, मग रोग दुसरीकडंच. ते बरोबर मोटारीबद्दल बोलत होते आणि मी कशाबद्दल ऐकत होते कोण जाणे. ताक मात्र तसंच राहिलं.

पुढच्या आठवड्यात मामांचा हात मोडला. स्टिअरिंगच्या चाकाखाली एक दांडी असे. हँडल मारायच्या आधी ती मागं ओढून ठेवायची, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पडते. त्या सकाळच्या ओढाताणीत ती पुढंच राहिली. इंजिन उलटं फिरलं, हँडल मामांच्या मनगटावर बसलं. आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. डॉक्टरांनी तिथंच, पागेच्या फरशीवर बसून हाड बसवलं, फळ्या बांधल्या. मामा म्हणाले, घोड्याच्या लाथा खाल्ल्या, त्यापुढं हे कायच न्हाई. त्यानंतर हँडल डॉक्टर स्वतः मारू लागले.

मामांना घरी करमेना. गळ्यात हात बांधून ते पागेच्या पायरीवर उन्हात येऊन बसायचे. मी त्यांना हळद घातलेलं दूध न्यायचे. ते मला वैनी म्हणत आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची असूनही माझ्यासमोर उठायला बघत. एकदा मी धीर करून विचारलं, मोटारीचं डॉक्टर एवढं का मनाला लावून घेतात? मामांनी दुधाचा पेला पायरीवर ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

ती पोर बाळंतपणाला मुरगूडच्या पलीकडं, आपल्या माहेरी गेली होती. कळा सुरू झाल्या त्या सांगावा यायच्या आदल्या दिवशी. माणसं म्हणाली, जावई डॉक्टर हाय, त्याला कामाचा खोळंबा, उगा कशाला पळवायचं, सकाळपतोर मोकळी हुईल. सकाळ झाली, मग घरची माणसं घाबरली, मग माणूस धाडला. सांगावा आला तसे डॉक्टर आणि मामा टांग्यातून निघाले. घोडा तोंडाला फेस येईपर्यंत पळवला. वेशीतच समजलं.

“घोडं कमी पडलं न्हाई, वैनी,” मामा म्हणाले. “सांगावाच उशिरा निघाला. साहेबांस्नी बी ते म्हाईत हाय. पण राग कुणावर काढायचा? त्याच महिन्यात घोडं इकलं.”

पेला उचलत म्हणाले, चांगलं जनावर होतं. मग दूध प्यायले.

मी हे कुणाला बोलले नाही. पण त्या दिवसापासून सकाळी हँडल मारणाऱ्या त्यांच्या पाठीकडं मला बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. धुक्यात त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला असे. थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा वाकायचे. समोर मोटार होती, पण ते काही तिच्याशीच झगडत नव्हते.

दत्तजयंतीच्या वाती वळायला मी मागच्या सोप्यात बसले होते. दुपारची वेळ, डॉक्टर नुकतेच आले होते आणि मोटार पागेत चालूच ठेवून तिचा आवाज ऐकत होते. एखाद्याची छाती ऐकावी तशी मान कलती करून. मी पिंजत होते त्या कापसाचा एक पुंजका वाऱ्यानं उडाला, तरंगत पागेत गेला आणि बॉनेट उघडं होतं तिथं आत उतरला. मी बघत होते. तो इंजिनाच्या पंख्यानं उडून जायला हवा होता. तो एका जागी चिकटला. पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या पितळी भांड्याची नळी इंजिनाला जिथं मिळते, बरोबर त्या सांध्यावर. आणि बघता बघता पुंजक्याचं टोक बारीक होत आत ओढलं गेलं.

आत्ती माळ्यावर होत्या. मी उठले, दारात गेले आणि म्हणाले, “तिथनं आत वढतंय.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं, मग मी दाखवलं तिकडं. माझ्या हातातला आणखी थोडा कापूस घेतला आणि सांध्याजवळ धरला. तोही ओढला गेला. त्यांनी तेलाच्या बुधलीतून सांध्यावर धार धरली, तर इंजिनाचा अडखळता आवाज क्षणभर सरळ झाला. तेल आत गेलं, आवाज पुन्हा अडखळला. मामा एका हाताचा आधार घेत उठून उभेच राहिले.

मग डॉक्टर मला समजावून सांगायला लागले. मला म्हणजे मलाच, मामांना नव्हे. सांध्यातलं पॅकिंग जळून चिरलंय. तिथून फुकटची हवा आत जाते, पेट्रोल कमी पडतं. तापलेल्या इंजिनाला तेवढं पुरतं, गारठलेल्याला पुरत नाही. म्हणून फडक्यानं हवेचं तोंड झाकलं की चालू व्हायची. बोलताना त्यांच्या कपाळाला काळं लागलं होतं आणि ते त्यांना माहीत नव्हतं. माळ्याच्या शिडीवर आत्तींची पावलं वाजली. त्यांनी आम्हाला बोलताना बघितलं आणि त्या पुन्हा वर गेल्या. आत्तींबद्दल मला आयुष्यभर जी माया वाटली तिची सुरुवात मी तिथं धरते.

जाड पुठ्ठा जवसाच्या तेलात भिजवून डॉक्टरांनी नवं पॅकिंग कापलं. दुसऱ्या सकाळी फरक पडला, पण पुरता नाही. सांध्याची लोखंडी कडच वाकलेली निघाली. दवाखान्यातल्या कपाटाची काच काढून आणली, तिच्यावर पॉलिशची बारीक पूड पसरली आणि ती कड घासायला बसले. डॉक्टर घासायचे, मामा चांगल्या हातानं काच धरायचे. दोन संध्याकाळी ते दोघं त्या काचेपाशी बसून होते. मग नट आवळले, एकदम नव्हे, थोडा या बाजूचा, थोडा त्या बाजूचा.

त्यानंतरची सकाळ चांगलीच गारठ्याची होती. पैलवान सवयीनं येऊन उभे राहिले. डॉक्टरांनी दांडी मागं ओढली, हँडल घातलं, एक फेरा मारला. मोटार चालू झाली. इंजिन एकसारखं, मऊ चालत होतं. शेवटी एक पैलवान हिरमुसून म्हणाला, मग आता आमचं काय काम? आत्ती म्हणाल्या, दूध प्यायचं काम, बसा. डॉक्टर हँडल हातात धरून तसेच उभे होते. मला वाटलं होतं ते हसतील. ते हसले नाहीत. एखादं मोठं काम संपल्यावर हातांना आता काय द्यायचं असा माणूस उभा राहतो, तसे ते दिसले.

डॉक्टरांना जाऊनही आता खूप वर्षं झाली. त्या मोटारीचं पुढं काय झालं हे मुलांनी विचारलं तर मला सांगता येत नाही. आमच्याकडं आणखी बऱ्याच गाड्या आल्या, त्यांचे रंगसुद्धा मी विसरले. पण पन्हाळ्याला जाताना त्या मोटारीत बसले तेव्हाचं सारं लख्ख आहे. दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, तोडकऱ्यांच्या खोप्या, गुऱ्हाळांवरून येणारा काकवीचा वास, आणि घाट लागल्यावर गार झालेलं नाक. उतरताना डॉक्टर माझ्या आईला म्हणाले, जरा काही वाटलं तर लगेच माणूस धाडा. आई म्हणाली, धाडू की. आईचं ते सहज ‘धाडू की’ मला ऐकू आलं. मोटार नीट झाली होती. पण मोटार कोल्हापुरात राहणार होती, आणि मी गडावर.

माघातल्या एका पहाटे पहिली कळ आली. बाहेर धुकं असं की अंगणातलं पेरूचं झाड दिसत नव्हतं. मी आईला हाक मारली आणि सांगितलं, आबांना म्हणावं माणूस धाडा. आई हसली. म्हणाली, अगं पहिलटकरीण तू, आज दिवसभर काय होत नाही. सुईण येईल, बघंल, मग ठरवू. एवढ्या गारठ्यात जावयाला कशाला उठवायचं?

तिचं चुकत होतं असं नाही. कुठल्याही आईनं तेच म्हटलं असतं. मुरगूडच्या पलीकडच्या त्या आईनंही तेच म्हटलं होतं. मी भिंतीला धरून उभी राहिले आणि म्हणाले, “माणूस निघाल्याबिगर मी आत जाऊन पडणार न्हाई.”

आयुष्यात आईला मी उलट बोलले ती पहिली खेप. आबा दारात आले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, पायांत वहाणा घातल्या आणि कचेरीतल्या शिपायाला उठवायला गेले. तट्टाच्या टापा उतारावर लांब जाईपर्यंत मी उभीच होते. मग आत गेले.

त्या खोलीची खिडकी दरीकडं होती. ऊन वर येत गेलं, धुकं खाली बसत गेलं. सुईण येऊन बसली, पोट चोळत राहिली, तिचा चेहरा हळूहळू गंभीर झाला. आणि मग, घाटातल्या वाघबिळाच्या बाजूनं, मला तो आवाज आला. आधी माशी गुणगुणावी तेवढा. वळणाआड गेला की नाहीसा व्हायचा, पुढच्या वळणावर पुन्हा यायचा, थोडा मोठा होऊन. आई म्हणाली, तुला भास होतोय. मी म्हणाले, नाही, आमची आहे. ‘आमची’ म्हणायला तेव्हा जीभ अडखळली नाही. आवाज कुठंही तुटत नव्हता. घाटाची चढण एका लयीत चढत होता.

डॉक्टर आत आले, हात धुतले, सुईणीला विचारलं. बाळाच्या गळ्याला नाळ होती. दोघांनी मिळून काय केलं ते मला पुरतं आठवत नाही. ते सुईणीला मावशी म्हणत होते, एवढं आठवतं. दुपारी बाळ झालं. रडेना. खोलीत कुणी हलत नव्हतं. मग रडलं. मुलगी होती.

संध्याकाळी खोलीत शेक-शेगडीचा आणि ओव्याचा वास कोंडला होता. आईनं त्यांना माझ्यापाशी बसायला पाट दिला आणि दार ओढून घेतलं. त्यांनी बाळाचं दुपटं सारखं केलं. मग विचारलं, “सांगावा कधी धाडलास?”

“पहिली कळ आली तवाच.”

“आई काय म्हणाल्या न्हाईत?”

“म्हणाली. मी ऐकलं न्हाई.”

त्यांनी मान खाली घातली. शेगडीतले निखारे नीट करत बसले. मग म्हणाले, “तिनं बी सांगितलं असंल. तिचं कुणी ऐकलं नसंल.”

सांत्वनाचे शब्द माझ्या वयाला नव्हते आणि त्यांना ते नकोही असतील. मी फक्त विचारलं, तिचं नाव काय होतं.

“अनुसया,” ते म्हणाले.

एकदा नाव घेतल्यावर ते बोलायला लागले. तिला पोहता येत होतं. ती वेदगंगेत पोरांबरोबर उड्या टाकायची आणि त्यासाठी घरी मार खायची. तिला भेंडी आवडत नसे. ते शिकायला असताना ती त्यांच्या घरी शेणी थापताना गाणी म्हणायची आणि आत्ती तिला दमात घ्यायच्या, पण गाणं थांबलं की पुन्हा म्हणायला सांगायच्या. मी ऐकत होते. मधेच बाळ रडलं. मी ते उचलून त्यांच्या मांडीवर दिलं आणि म्हटलं, सांगा, पुढं काय झालं?